ल्युमेन जास्त म्हणजे उजेड लांब, हे चूक आहे

पैठणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नाथसागरात रात्री होडी काढायची तर सगळ्यात जास्त ल्युमेनची बॅटरी घ्या, उजेड तितका लांब जातो.’ हे खरं नाही, आणि पाण्यावर अशी चूक जिवावर बेतू शकते.

ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल, हे झोत किती एकवटलाय यावर ठरतं आणि ते कँडेलात मोजतात. 10,000 कँडेलाचा झोत सुमारे 200 मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका पडतो. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट, म्हणजे 40,000 लागतात. पसरट उजेड मात्र जवळच्या पांढऱ्या शिडावर, ओल्या काठावर, धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर येतो. मग पाण्यातून डोकावणारा बुंधा समोर असूनही दिसत नाही. म्हणून शिडाच्या होडीत झोत टाकायचा तो शिडाच्या पुढे जाऊन.

बॅटरीच्या खोक्यावर आयपीएक्स 7 (IPX7) लिहिलंय का बघा: अशी बॅटरी एक मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकते. पण ती तरंगेलच असं नाही. दोरी मनगटाला बांधाच. समोरच्या नावाड्याच्या तोंडावर झोत मारू नका, बराच वेळ त्याला काही दिसत नाही.