शतायुषी व्हा, पण फॉर्म भरून ठेवा

'तुम्ही काय काम करता?' या प्रश्नाला प्लॅन्ड गिव्हिंगवाल्या माणसाला सरळ उत्तर देता येत नाही. मी अमेरिकेतल्या एका नागरी हक्क संस्थेसाठी देणग्या गोळा करते, इथपर्यंत ठीक असतं. लोकांनी आपल्या पश्चात संस्थेला काही ठेवावं म्हणून ते हयात असतानाच त्यांच्याशी गोड बोलत राहायचं, हा पुढचा तपशील ऐकला की समोरचा माणूस नकळत आपली नाडी तपासतो.

आमच्या ऑफिसात कुणी मरत नाही. देणगी 'मॅच्युअर' होते. मृत्युपत्रातली रक्कम ही 'भविष्यातली देणगी' असते. बातमी आली की एका हाताने सांत्वनपत्र लिहायचं आणि दुसऱ्या हाताने आकडा 'अपेक्षित'मधून 'प्राप्त'मध्ये सरकवायचा, तेही चेहरा एकच ठेवून. तिमाही बैठकीत कुणीतरी नवा साहेब विचारतोच, 'या तिमाहीत किती मॅच्युअर होतील?' तेव्हा सगळे आपापल्या कॉफीत बघतात.

देणगीदारांना मात्र हे सोवळं अजिबात मानवत नाही. नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चात जो विशीत होता, तो आज ऐंशी ओलांडून बसलाय. ज्याने त्या काळात तुरुंगाची हवा खाल्ली, त्याला 'आयुष्याच्या पुढच्या टप्प्यात' वगैरे ऐकवलं की उत्तर येतं, 'म्हणजे मी मेल्यावर ना? मग तसं म्हणा की!' आपण 'हो हो' म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात परत 'भविष्यात'वर येतो.

मृत्युपत्राचं काम वरवर सोपं. आकडा लिहू नका, टक्का लिहा, असं आम्ही सांगतो. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या १०,००० डॉलरची किंमत महागाईने खाल्लेली असते. उलट आजारपणात इस्टेट आटली, तरी तो आकडा आधी वळता होतो आणि भाचरांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून सगळी देणी फेडून उरेल त्याचा अमुक टक्का. सोबत संस्थेचं कायदेशीर नाव आणि ९ अंकी कर क्रमांक. हा क्रमांक लोकांना चोंबडेपणा वाटतो. पण आमच्या क्षेत्रात एकाच नावाच्या दोन संस्था असू शकतात. एक कायदे बदलण्यासाठी खुलेपणाने लॉबिंग करणारी, दुसरी करसवलत मिळणारी फाउंडेशन, आणि दोन्हींच्या नावात फरक एका शब्दाचा. आठवणीवर विसंबून 'ते नागरी हक्कवाले' एवढंच लिहिलं, की तीन-चार संस्थांचे वकील एकाच टेबलाभोवती अत्यंत सुसंस्कृतपणे भांडतात.

हेतूचंही तसंच. एखाद्याने 'अमुक शाळामंडळाविरुद्धच्या खटल्यासाठी' रक्कम ठेवली आणि तो खटला केव्हाच जिंकून झाला असेल, तर पैसे दिसतात पण खर्चता येत नाहीत. मग हेतू बदलून घ्यायला कोर्टाचं दार. म्हणून 'संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी' हे रुक्ष वाक्य लिहा म्हणून आम्ही हात जोडतो.

गिफ्ट अॅन्युइटी हा त्याहून विनोदी प्रकार. देणगीदार एकरकमी पैसे देतो, आम्ही त्याला तहहयात ठरावीक रक्कम देतो, उरेल ते संस्थेचं. जानेवारी २०२४पासूनच्या शिफारशीप्रमाणे ८० वर्षांच्या माणसाचा दर ८.१ टक्के, म्हणजे २५,००० डॉलरवर वर्षाला २,०२५. शेवटी साधारण निम्मी रक्कम उरावी, असं गणित मांडलेलं असतं. गोम अशी, की अॅन्युइटी घेतं कोण? जो रोज पोहतो, साखर खात नाही आणि ज्याची आई १०१व्या वर्षी गेली, तो. अशा माणसाच्या वाढदिवसाला आपल्या हस्ताक्षरात 'खूप जगा' लिहायचं आणि तेही मनापासून.

पण खरा छळ निवृत्ती खात्यांचा, म्हणजे आयआरएचा. साडेसत्तर वर्षांवरच्या माणसाला त्यातून थेट संस्थेला पैसे देता येतात. २०२५ची मर्यादा होती १,०८,००० डॉलर. 'थेट' म्हणजे खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून संस्थेकडे. म्हणून डिसेंबरात कंपनीचं पाकीट येतं. आत चेक, चेकवर रक्कम असते, पण देणगीदाराचं नाव नसतं. कंपनीला फोन केला तर गोपनीयतेमुळे सांगता येत नाही म्हणतात. फेब्रुवारीत कुणीतरी पावती मागतं, तेव्हा कोडं सुटतं. आयआरएचं चेकबुक हाताशी असलेल्यांची दुसरी तऱ्हा. २९ डिसेंबरला चेक फाडतात, तो वटतो जानेवारीत, आणि हिशेब पुढच्या वर्षात जातो. मग राग आमच्यावर.

खात्यावर संस्थेचं नाव वारस म्हणून लावणं तर एका पानाचं काम, वकीलही लागत नाही. पण देणगीदार गेल्यावर कंपनी म्हणते, आधी आमच्याकडे खातं उघडा. त्या फॉर्मात संस्थेची जन्मतारीख विचारतात. वैवाहिक स्थितीही. खजिनदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर द्या म्हणतात, जो कुठलाही शहाणा खजिनदार देत नाही. वर सही खरी असल्याची हमी देणारा मेडॅलियन शिक्का हवा, जो बँक फक्त स्वतःच्या खातेदाराला, समोर उभं करून मारते. त्याची झेरॉक्स चालत नाही. हजार-दोन हजार डॉलरसाठी सहा-सहा महिने हे चालतं आणि फाइल त्या रकमेहून जाड होते.

देणगीदारांची नावं छापण्याबद्दल मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो. १९५६ साली अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेकडे सभासदांची यादी मागितली. संस्थेने ती दिली नाही, १,००,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला, आणि १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. यादीत नाव सापडलं की नोकरी जायची, तो काळ पाहिलेला माणूस 'नाव छापू नका'वर खूण करतो, तेव्हा ती गाळून चालत नाही. देणगीदारांना द्यायची मानाची पिन त्यालाही जाते, साध्या पाकिटातून.

शेवटचं दुखणं डेटाबेसचं. मृत्यूच्या नोंदी नाव आणि पिनकोडवरून जुळवल्या जातात, आणि अमेरिकेत बाप-लेकांचं, क्वचित मायलेकींचंही नाव एकच असतं. धाकटी गेली की थोरलीच्या रकान्यात खूण पडते आणि पत्र निघतं: 'यांच्या इस्टेटीस, सप्रेम'. ते थोरल्या बाईंच्या हातात पडतं. फोन वाजतो. मुलीबद्दल सांत्वन करून त्याच श्वासात पत्राबद्दल माफी कशी मागावी, या विवंचनेत आपण. त्यांचा आवाज थकलेला, पण स्थिर.

'पत्र बरं लिहिलंय. आडनावात एक अक्षर चुकलंय, तेवढं माझ्या वेळेपर्यंत दुरुस्त करून ठेवा.'

'हो, भविष्यासाठी नोंद करते.'

'मी मेल्यावरसाठी,' बाई म्हणतात.