‘लकव्याचा आणि व्हायरसचा काही संबंध नाही’ हे खरं नाही

लकव्याबद्दल फिरणारा मेसेज थोडक्यात असा: लकवा बीपी-शुगरवाल्यांनाच येतो, ताप-सर्दीने नाही. नागीण, कांजिण्या हे कातडीचे आजार. लकव्याची शंका आली तर अ‍ॅस्पिरिन चघळायला द्या आणि सकाळी डॉक्टरकडे न्या.

बीपी, शुगर, तंबाखू ही मोठी कारणं आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण ब्रिटनमधल्या नोंदींवरून 2004 मध्ये दिसलं की श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत लकव्याचा पहिला झटका येण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो आणि पुढे हळूहळू उतरतो. संसर्गात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यात तापाने अंगातलं पाणी कमी होतं. आणि नेमकं तेव्हाच ‘पोटात काही नाही’ म्हणून बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी बंद केली जाते. असं करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. डेंग्यूची शंका असेल तर तो फोन आणखी महत्त्वाचा, कारण प्लेटलेट उतरल्या की रक्त पातळ करणारी गोळीच धोक्याची ठरू शकते.

नागिणीबद्दलचं विधान सगळ्यात घातक आहे. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं पडून राहतो. कपाळावर, डोळ्याभोवती नागीण उठते तेव्हा तो चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूत जागा झालेला असतो आणि त्याच मज्जातंतूचे धागे मेंदूच्या धमन्यांपर्यंत जातात. धमनीची भिंत सुजून आतली वाट अरुंद होते. फोड सुकून खपल्या पडल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, फोड आले त्याच्या विरुद्ध बाजूचं अंग लुळं पडू शकतं. लहान मुलांतही कांजिण्यांनंतरच्या सहा महिन्यांत हा धोका वाढलेला असतो.

म्हणून गेरूच्या लेपात दिवस घालवू नका. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात: मोठ्यांना साधारण अ‍ॅसायक्लोव्हिर 800 मिग्रॅ, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. डोळ्याजवळ फोड असतील, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. या विषाणूने लकवा आला तर पाठीतल्या पाण्यात (मणक्यातून सुईने काढलेल्या) त्याच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं, तपासाव्या लागतात. नुसती पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून विषाणू नाही असं होत नाही. उपचारही गोळ्यांनी भागत नाही, अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून द्यावं लागतं.

अ‍ॅस्पिरिन? अजिबात नको. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर गोळी तो वाढवू शकते, आणि गिळता येत नसेल तर ती श्वासनलिकेत जाते. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना तर ती देऊच नये. त्यातून यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.

सकाळची वाट पाहिली तर गुठळी विरघळवणारं औषध देण्याचे पहिले 4.5 तास निघून जातात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की 108 ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगा, आणि गेल्या वर्षभरात नागीण किंवा कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तेही केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.