पंख्यापुढे टिकलेलं छप्पर वादळात टिकेलच असं नाही

गोव्यात सध्या एक संदेश फिरतो आहे: 'मोठ्या शेडमध्ये दहा-बारा पंखे लावा, समोर घर बांधा, ताशी 140 किलोमीटरचा वारा सोडा. छप्पर उडालं नाही तर घर वादळाला पक्कं.' मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यामुळे ही तळमळ समजते. पण पद्धत धोकादायक आहे.

140 चा आकडा ठीक आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक असलेल्या आयएस 875 भाग 3 मध्ये पणजीसाठी सेकंदाला 39 मीटर हाच मूळ वेग धरला आहे.

'दहा-बारा पंखे.' वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. 39 मीटरला झोताच्या दर चौरस मीटरमागे सुमारे 36 किलोवॅट लागतात. म्हणजे 6 बाय 4 मीटर झोताला साडेआठशे किलोवॅट, मोटरींचा तोटा वेगळाच. मायामीच्या 'वॉल ऑफ विंड' या वादळ-चाचणी केंद्रामध्ये पंखे बाराच आहेत, पण प्रत्येक 700 अश्वशक्तीचा. अख्खी घरं तपासणाऱ्या साउथ कॅरोलायनातल्या रिचबर्ग केंद्रात 105 पंखे आहेत.

'समोरून वारा सोडा.' सगळ्यात मोठी चूक इथे आहे. वादळाचा वारा जमिनीलगत मंद, वर वेगवान आणि सतत झटके देणारा असतो. पंख्याचा झोत सपाट असतो. म्हणून वाटेत सुळके आणि जमिनीवर ठोकळे उभारून तो खडबडीत करावा लागतो. घर फिरत्या चकतीवर हवं, कारण वारा तिरका आला की छपराच्या कोपऱ्यावर भोवरे बसतात आणि पत्रा तिथेच सर्वांत जोरात वर ओढला जातो. शिवाय एक खिडकी फुटलेली धरूनही चाचणी हवी. हवा आत शिरली की खालून रेटा आणि वरून ओढ एकदमच लागते.

'उडालं नाही म्हणजे पक्कं.' 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला 'ट्रेसी' चक्रीवादळाने हे खोटं ठरवलं. तिथे पत्रे सतत हलून स्क्रूभोवती चिरले आणि मग सुटले.

गोव्याने आधी दाबपेटी बांधावी. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी), स्क्रू आणि चिऱ्याच्या भिंतीतला बोल्ट असा छपराचा पूर्ण तुकडा पेटीवर बसवून ब्लोअर आणि झडपेने हजारो वेळा ओढून सोडावा. स्क्रू नवे नकोत, कळंगुटच्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळे काढलेले घ्यावेत. फटींतून हवा गळून दाब पडू नये म्हणून प्लास्टिक लावतात. ते सैल, घड्या ठेवूनच लावावं; ताणून लावलं तर भार प्लास्टिकच उचलतं आणि कच्चं छप्पर पास होतं.