पसरट नव्हे, ऐसपैस

जुने श्रोते, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, खाली 'एक जुना श्रोता' एवढीच सही आहे, म्हणून हाक मारायला तेच घेते. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. रात्री संताप आला होता. सकाळपर्यंत तो निम्म्यावर आला, कारण तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे. बाकीच्यांवर मात्र भांडणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. यंदाच्या पावसाळ्यात काय वाचलं आणि काय ऐकलं, ते मी लिहिलं होतं. वाचलं ते कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', आणि त्याच्या निमित्ताने पुन्हा कपाटातून काढलेली विश्वास पाटलांची 'झाडाझडती'; दोन्ही धरणाने उठलेल्या गावांच्या कादंबऱ्या. ऐकलं ते जयपूर घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं. ओघात लिहून गेले की त्यांच्या लेकीचा, किशोरीताई आमोणकरांचा, विलंबित (संथ लयीतला) ख्याल हल्ली मला पसरट वाटतो आणि लेकीपेक्षा आईचं गाणं जास्त ओढतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, 'आवडलं' हा काही अभिप्राय नव्हे. साहित्य अकादमीच्या पुरस्काराचा शिक्का बसल्यावर पुस्तक हातात घेणाऱ्याने अभिरुचीच्या गप्पा मारू नयेत. मेथी निवडता निवडता मोबाइलवर जयपूर गायकी ऐकणाऱ्या बाईने किशोरीताईंना पसरट म्हणणं हा उद्धटपणा आहे. आणि पुण्यात धरणाच्या पाण्यावर जगून धरणग्रस्तांच्या दुःखाला 'सुंदर' म्हणणं हा त्याहून मोठा उद्धटपणा.

मेथीपासूनच सुरुवात करते.

हो, मी मेथी निवडताना गाणं ऐकते. दोन्ही हात मातीने आणि पाल्याने भरलेले असतात, त्यामुळे फोनला हात लावता येत नाही. म्हणजे गाणं मध्येच पुढे ढकलता येत नाही, आलेला मेसेज बघता येत नाही, कंटाळा आला तरी उठता येत नाही. चांगली भरगच्च जुडी निवडायला मला वीस-बावीस मिनिटं लागतात. जुन्या एलपीची एक बाजूही साधारण तेवढीच. सभागृहात पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याशी कुजबुजणारे श्रोते मी पाहिलेत, त्यांच्यापेक्षा मी नक्कीच जास्त ऐकते. आणि आडून ऐकण्याचं म्हणाल, तर ज्या मोगूबाईंबद्दल आपण बोलतोय त्यांचं गाणं खुद्द जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी पहिल्यांदा कुठे ऐकलं? खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते, तेव्हा जाता-येता या मुलीचा रियाज त्यांच्या कानावर पडला. तिथून पुढे तालीम सुरू झाली. तिथे कुठली बैठक होती, आणि कुठले तक्के-लोड?

आता तो शब्द. 'पसरट' हा शब्द मी मागे घेते. पसरट असतं ते भांडं, परात, फार तर नाक. मला म्हणायचं होतं 'ऐसपैस', आणि त्या शब्दाने निंदा होत नाही. लिहिताना पहिला आला तो शब्द ठेवला, ही माझी चूक. शब्द मागे घेते, पण त्यामागचं मत नाही. ते नीट मांडते.

विलंबित तीनताल घ्या, सोळा मात्रांचा. मोगूबाई आकाराने, म्हणजे नुसत्या 'आ'वर, बढत करतात, राग हळूहळू उलगडत नेतात, तेव्हा त्या आकाराच्या आत मात्रा चालत असते. मला तबल्यातलं काही कळत नाही, बोटांवर मोजते. पण त्यांच्याबरोबर मोजताना बोट चुकत नाही. सूर लांबतो, वळतो, खाली येतो, आणि तो जिथे सुटतो तिथे मात्रेचा काठ असतोच. आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यात, रिकामी जागा राहिली म्हणून भरून काढली, असं कधी वाटत नाही. समेकडे नेणारा मुखडा येतो तो धावत येत नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की मान आपोआप हलते, 'वाहवा' म्हणायचं राहून जातं. संपूर्ण मालकंसासारखा जयपूरवाल्यांचा राग घेतला, तरी 'बघा, मालकंसात वर्ज्य असलेले रिषभ-पंचम मी कसे आणते' असा आव नसतो. ते स्वर घरचे असल्यासारखे येतात आणि जातात.

किशोरीताई हे सगळं शिकल्याच होत्या, या आईकडूनच. आणि मग त्यांनी ते जाणूनबुजून सैल केलं. सुराला हवी तेवढी जागा दिली आणि लयीला थोडं मागे बसवलं. त्यांचा भूप राग ऐकताना सम कुठे गेली हे कळत नाही आणि कळावंसंही वाटत नाही. विशीत मी त्या भूपावर जगले. हॉस्टेलच्या खोलीत कॅसेट उलटसुलट करून इतकी वाजवली की फीत खेचली जाऊन सगळा राग अर्धा सूर उतरला होता, आणि पुढे कितीतरी वर्षं मला खरा भूप चढा वाटायचा. ३ एप्रिल २०१७ ला त्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी बसमध्ये होते, आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले. तेव्हा मला किशोरीताई आवडत नाहीत, असा जो अर्थ तुम्ही काढलात तो चुकीचा आहे. पन्नाशी ओलांडल्यावर ऐसपैस सुरापेक्षा मापातला सूर जवळचा वाटू लागला, एवढंच म्हणणं आहे. ही गोष्ट गाण्याबद्दल जितकी आहे तितकीच माझ्याबद्दलही आहे. समीक्षकाने ती लपवावी, असं तुमचं मत दिसतं. मी समीक्षक नाही, म्हणून सांगून टाकते.

यावरूनच 'आवडलं'कडे येते. तुमचं वाक्य असं आहे: 'आवडणे हा निकष नव्हे, तो अपघात आहे.' वाक्य झकास आहे, मी ते मैत्रिणीला फोनवर वाचूनही दाखवलं. पण मला अपघातच लिहायचा आहे. गाडी कुठून आली, मी कुठे उभी होते, लागलं कुठे. पंचनामा म्हणा हवं तर. त्या पंचनाम्यात मी ढिसाळपणा केला हा तुमचा आरोप असेल तर ऐकून घेईन. पंचनामा करूच नये म्हणाल तर नाही ऐकणार.

पुरस्काराचा मुद्दा एका परिच्छेदात उरकते. 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यानंतरच मी ते वाचलं, हे खरं आहे. आमच्या वाचनालयात ते आलंच तेव्हा. त्याआधी मागितलं होतं तर 'नाव लिहून ठेवतो' असं उत्तर मिळालं होतं, आणि ती वही मला चांगली माहीत आहे. पुरस्काराने पुस्तक मोठं होत नाही, पण वाचनालयाच्या फळीवर येतं. नंदा खरे यांनी 'उद्या'साठी मिळालेला २०२० चा अकादमी पुरस्कार नाकारला, तेही पुस्तक मी त्या बातमीनंतरच मागवलं होतं. घेतला काय, नाकारला काय, आमच्यासारख्यांना पुस्तकाचा पत्ता त्यानेच लागतो.

आता तुमचा तो बिनतोड मुद्दा.

मी लिहिलं होतं की मोगूबाईंचं कुर्डी गाव पाण्याखाली गेलं, 'रिंगाण'मधलं गावही धरणाने उठलं, आणि या सगळ्या पाण्यावर मोगूबाईंचा आकार तरंगतो, 'किती सुंदर!' त्या उद्गारचिन्हावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. कुर्डी हे गोव्यातलं, सांगे तालुक्यातलं गाव. साळावली धरणात १९८० च्या दशकात बुडालं. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात आणि उठून गेलेली माणसं तिथे जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, चॅपेलचाही होतो. हे सगळं खरं आहे. पण मोगूबाईंचा जन्म १९०४ चा. त्यांनी कुर्डी सोडलं ते लहानपणीच, नाटक कंपनीच्या वाटेने, धरणाचा नकाशाही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हा. त्यांच्या आकारात बुडालेलं गाव ऐकू येणं शक्यच नाही. ते मी ऐकलं, कारण ते मीच तिथे नेऊन ठेवलं होतं. आडनावात गाव दिसलं, बातमीत पाणी दिसलं, आणि मी दोन्हीची गाठ मारून मोकळी झाले. दुसऱ्याच्या घरादारावर आपल्या लेखाची कमान उभी केली, असं तुम्ही म्हणालात. कबूल. ते वाक्य लेखातून काढून टाकते आहे.

पण त्याच ओघात 'पुण्यात बसून तुम्हाला धरणग्रस्त काय कळणार' असंही लिहिलंत. याला उत्तर द्यावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. कारण उत्तर दिलं तर ते धरणग्रस्त असल्याचा दाखला काढून दाखवल्यासारखं होतं, आणि आमच्या घरात 'दाखला' या शब्दाला फार वाईट वास आहे.

माझे सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) कोयनेच्या खोऱ्यातले. गाव उठलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. रायगड जिल्ह्यात जागा मिळाली. त्या जमिनीचा कागद हातात पडेपर्यंत त्यांचे वडील गेले. संकलन रजिस्टर, बुडीत क्षेत्र, नागरी सुविधा हे पुनर्वसनाच्या कागदांवरचे शब्द मी लग्नानंतर या घरात शिकले, कादंबरीतून नाही. जुन्या घराची तुळई मोडून आणली होती, तिचा आता ओसरीवर बाक आहे. त्यावर खिळ्यांची भोकं आहेत. नात लहानपणी त्यात पेन्सिली रोवायची.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. वाचताना हातात लाल पेन्सिल लागते, कशाचाही हिशेब तपासल्यासारखं वाचतात. आमची 'झाडाझडती'ची प्रत त्यांनी अशीच तपासलेली आहे. समासात कुठे 'बरोबर', कुठे 'अगदी', तर कुठे 'आमच्यात असं नव्हतं'. एका पानावर नुसतं 'भाडं कोण देणार?' असं लिहिलंय. बराच वेळ मला त्याचा अर्थच लागेना. विचारलं तेव्हा म्हणाले, "सामान हलवायचं, सामान हलवायचं म्हणतात सगळे. ट्रकचं भाडं कुणी विचारतं का?" १९९१ साली आलेल्या या कादंबरीबद्दल पुढे जे काही वाचलं, त्यात या तीन शब्दांच्या तोडीचं मला फारसं काही सापडलं नाही.

'झाडाझडती' वाचताना राग कुणावर काढायचा ते कळत असतं. साहेब आहेत, दलाल आहेत, पुढारी आहेत, फायली आहेत. लेखक स्वतः प्रशासनात होते, त्यांना ती यंत्रणा आतून ठाऊक आहे, आणि कधीकधी ती माहितीच पानांवर सांडते. 'रिंगाण'मध्ये ही सोय नाही. गाव उठून गेलंय, मागे राहिलेल्या म्हशी रानटी झाल्यात, आणि त्यांच्यामागे रानात जाणारा माणूस आहे. रागवायला समोर कुणीच नाही. म्हैस तिथे कशाचं प्रतीक म्हणून येत नाही, म्हैस म्हणूनच येते, शिंगांसकट. पहिली तीसेक पानं मला भाषेने दमवलं, पन्हाळ्याकडची बोली माझ्या कानाला सरावाची नाही. मध्येही काही पानं पुढे सरकेनात, आणि तिथे लेखकाने थोडं आवरायला हवं होतं असं माझं आजही मत आहे. पण एकदा ते रान अंगावर आलं की मग पुस्तक खाली ठेवता आलं नाही. याला मी 'सुंदर' म्हटलं, तो आळस होता. वाचताना मला भीती वाटली होती. आपणच पाळलेलं जनावर आपल्याला ओळखेनासं झालंय, याची भीती. तो शब्द लिहायला हवा होता.

आणि पुण्यात बसून म्हणाल, तर हो, नळाला येतं ते खडकवासल्याचंच पाणी. मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले १९२१ मध्ये, ते इथून हाकेच्या अंतरावर. त्यालाही शंभर वर्षं उलटली, आणि तरी धरणावरच्या कादंबरीला आपण अजून 'वेगळ्या विषयावरची' म्हणतो. पाणी पिणाऱ्यांनी ही पुस्तकं वाचायची नाहीत, तर मग वाचायची कुणी?

'रिंगाण' सध्या अण्णांकडे आहे. चाळीसेक पानं झाली असतील. मी चोरून पाहिलं, समासात एकही लाल खूण नाही. का, ते विचारायचा धीर झालेला नाही.

एक शेवटचं. तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी तळाशी, रागाच्या भरात, एक ओळ आहे: 'मी मोगूबाईंना समोर बसून ऐकलेलं आहे.' मला खोडून काढायला लिहिलीत, पण मी त्या ओळीवरच अडकले. मी त्यांना समोर कधीच ऐकलं नाही. माझ्याकडे आहे ते रेडिओवरचं आणि कुणाकुणाच्या खासगी टेपांवरून उतरवलेलं, खरखरीसकट. त्या बैठकीबद्दल लिहा ना. कुठे झाली, कोणता राग होता, किती माणसं होती. किशोरीताई तरुणपणी आईच्या मागे तंबोऱ्याला बसायच्या. त्या दिवशी मागे कोण होतं, आठवतंय का तुम्हाला?