‘टॉपर संकटातही थांबत नाही’ : त्या मेसेजला उत्तर

‘घरात संकट आलं तरी टॉपर थांबत नाही’ असा मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवरून तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती बारावी सायन्सला आहे, तिचे बाबा पुण्यातच दवाखान्यात आहेत. मेसेज वाचून पोरगी रात्र-रात्र जागायला लागली, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: चारच तास झोपा, प्रत्येक धडा दहा वेळा वाचा, दुःख कुणाला सांगू नका, फोन बंद ठेवा, ही परीक्षा पुन्हा येणार नाही.

आधी ‘दहा वेळा वाचा’. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच मुलं त्यात अडकतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षा पाच मिनिटांनी नसते हो!

भाचीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात अल्डिहाइड-कीटोनच्या धड्यावर तीन रंगांचे हायलायटर फिरलेत. पुस्तक मिटायला लावलं आणि कोऱ्या कागदावर अल्डॉल कंडेन्सेशन लिही म्हटलं. रिअॅक्शन आली, अल्फा हायड्रोजनची अट राहिली. मग उघडून तेवढंच पाहिलं. दोन दिवसांनी पुन्हा लिहायचं ठरलंय. दवाखान्यात डॉक्टरांच्या राउंडची वाट बघत वीस मिनिटं मिळतात, त्यात एवढं होतं. ज्या घरात आजारपण आहे तिथे प्रत्येक धडा दहा वेळा वाचायला वेळ कुठून आणायचा? थोडाच वेळ हाताशी असेल तर तो आठवून लिहिण्यात घालवावा. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जुने प्रश्नसंच मिळतात, ते घड्याळ लावून सोडवणं हाही त्यातलाच प्रकार.

चार तास झोप? या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात आणि वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच. दवाखान्यात रात्र काढावी लागली तर दुसऱ्या दिवशी आधी झोप, मग पुस्तक.

फोनचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करते. समोर फोन असला की लक्ष उडतंच. पण बाबा अॅडमिट असताना तो बंद कसा ठेवणार? आईकडे द्यावा, दवाखान्यातून कॉल आला तर ती हाक मारेल.

परीक्षा पुन्हा येणार नाही, हे तर सरळ खोटं. बोर्ड पुरवणी परीक्षा घेतं.

आणि ‘दुःख सांगू नका’ हे लिहिणाऱ्याचा मला खरंच राग आला आहे. मनात दाबलेली काळजी पुस्तक उघडलं की समोर येते, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते. वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती आजच सांगावी. घरी बोलता येत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास.

ग्रुपवरच्या काका-काकूंना विनंती आहे. तिला मेसेज पाठवू नका, एखाद्या दुपारी दवाखान्यात तिच्या जागी बसायला या.