रील साधी चालेल, दोरी चांगली घ्या

फ्लाय-फिशिंगचा (नकली किडा लावून मासे धरायचा) पहिला सेट कसा घ्यावा यावर एक लेख वाचला. त्यात ९ फुटी, ५ नंबरचा रॉड (गळाची काठी) सुचवलाय, ते पटलं. पण निम्मं बजेट रीलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीवर, घालवा म्हणतात? नाही भो! फ्लायला (हुकावर बांधलेल्या नकली किड्याला) वजनच नसतं, तिला पुढे नेते ती जाड दोरी. रॉडवर ५ लिहिलंय तर दोरीही ५ नंबरचीच, तरंगणारी, पुढच्या बाजूला जड असलेली घ्यावी. मी स्वस्तातला सेट मागवला होता. रॉड ठीक होता, पण दोरी स्प्रिंगसारखी वेटोळी घालायची आणि फ्लाय पुढे जायची सोडून माझ्याच टोपीत अडकायची. नुसती दोरी बदलली, काम झालं.

अमेरिकेतला छोटा ब्लूगिल मासा काय किंवा आपल्या तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमधली तळहाताएवढी तिलापिया काय, रील फिरवायची वेळच येत नाही, दोरी हातानेच ओढून घेतो. ट्राउट थंड पाण्याचा, तो आपल्या तापीत कुठला! त्यासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जावं लागतं (परमिट काढून), तिथेही हाच रॉड चालतो.

सराव कापूस वेचून झालेल्या शेतात करा, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. मागे बाभूळ नाही ना, तेवढं बघा.