बँक आधी, बॉम्ब नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट या कृष्णवर्णीयांच्या चर्चवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, अर्धा लेख बँक आणि कंत्राटदारांनी खाल्ला आणि 1963 च्या बॉम्बस्फोटात गेलेल्या मुलींच्या वाट्याला चारच ओळी आल्या. दोन, हे चर्च सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीपासून लांब होतं असं लिहून मी त्याचा अपमान केला.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

चर्च स्थापन झालं 1873 मध्ये, शहर वसल्यावर अवघ्या दोन वर्षांनी. तिथले पाद्री विल्यम पेटिफर्ड यांनी 1890 मध्ये पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. खाणीत, भट्टीवर राबणाऱ्या, लोकांची धुणी धुणाऱ्या कृष्णवर्णीयांनी तिथे चार पैसे ठेवावेत, त्यातून घर घ्यावं, हा त्यांचा ध्यास. गोऱ्यांच्या बँका या लोकांना दारात उभं करत नव्हत्या. बँक 1915 मध्ये बुडाली. पण वस्ती तोवर उभी राहिली होती. 1911 ची आजची चर्चची इमारतही वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराची, बांधकाम विंडहॅम या कृष्णवर्णीय कंत्राटदाराचं. ही नावं लेखात शोभेसाठी घातलेली नाहीत.

आता बघा, ज्याच्याकडे घर, दुकान, शिक्षकाची नोकरी आहे त्याला गमावण्यासारखंही काही असतं. या चर्चची मंडळी बहुतांशी अशी. म्हणून 1956 पासून चळवळीचा गाडा ओढला तो पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांच्या बेथेल बॅप्टिस्टनं, कामगारवस्तीतल्या चर्चनं. त्यावर तीनदा बॉम्ब पडले. हे सांगण्यात सिक्स्टीन्थ स्ट्रीटचा अपमान कसला? उलट न सांगणं हा बेथेलवर अन्याय.

मग 1963 च्या वसंतात सिक्स्टीन्थ स्ट्रीटनं चळवळीसाठी दारं उघडली तेव्हा नेमकी तीच जुनी कमाई कामी आली : शहराच्या मध्यावर, केली इन्ग्रम पार्कसमोर, मोठं सभागृह, स्वतःच्या मालकीचं. आईबाप मोर्चात गेले तर त्यांची नोकरी जाणार, म्हणून 2 मे रोजी शाळकरी मुलं निघाली, ती याच दारातून. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलाचा प्रमुख बुल कॉनरनं त्यांच्यावर कुत्री आणि पाण्याचे फवारे सोडले. जगानं पाहिलेली छायाचित्रं तिथलीच.

15 सप्टेंबरला बॉम्ब याच इमारतीच्या पायऱ्यांखाली ठेवला गेला, हा योगायोग नव्हता. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर अकराची. त्या दिवशी प्रार्थनासभा मुलांनी चालवायची होती, त्याची तळघरात तयारी चालली होती. पहिला आरोपी दोषी ठरायला 1977 उजाडलं, पुढचे दोघे 2001 आणि 2002 मध्ये. चौथा संशयित खटल्याविनाच मेला. या चार ओळी मी मुद्दाम कोरड्या ठेवल्या होत्या आणि आजही तशाच ठेवीन.

जाता जाता गॅस्टन मोटेलचं विचारलंत. मालक ए. जी. गॅस्टन हे बडे व्यावसायिक. मुलांना रस्त्यावर उतरवणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. तरी मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम त्यांच्याच मोटेलात होता आणि किंग यांच्या जामिनाचे पैसेही त्यांनीच भरले. त्या मे महिन्यात मोटेलवरही बॉम्ब पडलाच.